हेब्रॉन, जानेवारी १९९७: झालेल्या कराराचे पुढे काय झाले

इस्रायली-पॅलेस्टिनी शांतता-वाटाघाटींचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन तारखांभोवती फिरते. पहिली १३ सप्टेंबर १९९३, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांनी ऑस्लो करारावेळी हात मिळवले तो दिवस. दुसरी जुलै २००० ची, कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली तेव्हाची. या दोन्हींच्या मधे एक छोटा करार झाला आणि तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. वेस्ट बँकमधल्या एका शहरापुरता तो होता. जानेवारी १९९७ चा हेब्रॉन करार.

या संघर्षात मुत्सद्देगिरीला काही वाव उरला आहे का, असे विचारणाऱ्याला मी आधी हाच करार वाचायला सांगेन. त्या करारातून सुरू झालेल्या ऑस्लो प्रक्रियेला, म्हणजे टप्प्याटप्प्याने पॅलेस्टिनींना स्वशासन देण्याच्या वाटेला, कडाडून विरोध करत सत्तेवर आलेल्या बेंजामिन नेतान्याहू यांच्या सरकारने तो केला आणि त्याप्रमाणे शहराचा मोठा भाग पॅलेस्टिनी प्रशासनाच्या हाती दिलाही. तेव्हा उजव्या सरकारकडून काही मिळवता येतच नाही, हे म्हणणे टिकत नाही. पण त्यानंतर त्या शहराचे जे झाले ते पाहिले, तर सही झाली की गाडी रुळावर येते हा मुत्सद्द्यांचा आवडता समजही टिकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात, एकाच शहरात तपासता येतात.

शहर

हेब्रॉन म्हणजे अरबीत अल-खलील. जेरुसलेमच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर, डोंगराळ भागातले व्यापारी गाव. काच, चामडे, द्राक्षे आणि दगडाच्या खाणी यांसाठी नाव असलेले. अब्राहम, इसहाक, याकोब आणि त्यांच्या बायका जिथे पुरल्या गेल्या असे ज्यू आणि मुसलमान दोघेही मानतात, ती जागा याच शहरात आहे. ज्यूंसाठी ती माखपेलाची गुहा, मुसलमानांसाठी इब्राहिमी मशीद. इमारत एकच.

इथली जखम जुनी आहे. ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत शहरातले ६७ ज्यू मारले गेले. कित्येकांना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवले. वाचलेल्यांना ब्रिटिशांनी शहराबाहेर नेले आणि पिढ्यान् पिढ्यांची ती वस्ती मोडली. १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक घेतली. पुढच्याच वर्षी वल्हांडणाच्या सणासाठी रब्बी मोशे लेविंगर आपल्या गटासह पार्क हॉटेलात उतरले आणि परत जायला नकार दिला. तडजोड म्हणून सरकारने शहराला लागून किर्यात अर्बा ही वसाहत उभी करू दिली. १९७९ मध्ये वसाहतीतल्या काही बायका मुलांना घेऊन थेट जुन्या शहरातल्या बेत हदासा इमारतीत शिरल्या. १९८० मध्ये तिथेच सहा ज्यूंना गोळ्या घालून मारण्यात आले, आणि त्यानंतर सरकारने शहराच्या पोटातल्या वस्तीला रीतसर मान्यता दिली. १९९७ मध्ये शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. त्यात मध्यवस्तीत राहणारे वसाहतवासी साडेचारशेच्या घरात.

सगळी वाटाघाट या साडेचारशे माणसांभोवती फिरली.

टळलेला क्षण

२५ फेब्रुवारी १९९४, रमजानमधला शुक्रवार. किर्यात अर्बात राहणारा डॉक्टर बारूख गोल्डस्टीन लष्करी गणवेशात मशिदीत शिरला आणि त्याने नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार केला. २९ जण मेले, शंभराहून अधिक जखमी झाले. ऑस्लोच्या सहीला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

राबिन संतापले होते. हेब्रॉनच्या आतले वसाहतवासी, निदान तेल रुमैदा टेकडीवरच्या फिरत्या घरांत राहणारी मूठभर कुटुंबे, हलवावीत असा विचार त्यांच्या सरकारात गंभीरपणे झाला. इस्रायली जनमत गोल्डस्टीनच्या कृत्याने हादरलेले होते. पॅलेस्टिनी बाजूने वाटाघाटी थांबवून तीच मागणी लावून धरली होती. जग पाठीशी होते. तरीही ते झाले नाही. वसाहतवाद्यांशी दोन हात करायचेच, तर ते अंतिम तोडग्याच्या वेळी एकदाच करू, असा हिशेब झाला.

त्याऐवजी पॅलेस्टिनींना सुरक्षा परिषदेचा ठराव ९०४ मिळाला आणि शहरात निःशस्त्र आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले. गोळीबार एका वसाहतवाद्याने केला होता, पण संचारबंदी लागली ती पॅलेस्टिनींवर. शहराचा मुख्य बाजाररस्ता असलेला शुहदा रस्ता पॅलेस्टिनी वाहनांना बंद झाला. मशीद आतून विभागली गेली. एप्रिलमध्ये, चाळीस दिवसांचा दुखवटा संपताना, हमासने अफुला गावात बसजवळ गाडीबॉम्ब उडवला आणि इस्रायली शहरांतल्या आत्मघाती हल्ल्यांचे पर्व सुरू झाले.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक ही आहे, आणि ती करार होण्याच्या तीन वर्षे आधीची आहे. जे काम फेब्रुवारी-मार्च १९९४ मध्ये काही कुटुंबांपुरते आणि लोकांचा पाठिंबा असताना करता आले असते, ते नंतर कुठल्याच सरकारला हात लावण्याजोगे राहिले नाही. 'अवघड प्रश्न शेवटी घेऊ' हे ऑस्लोचे सूत्र होते. हेब्रॉनमध्ये त्या सूत्राची किंमत आकड्यांत मोजता येते. तो हिशेब पुढे येईल.

वाटाघाटी

सप्टेंबर १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकमधली मोठी शहरे पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे द्यायचे ठरले. जेनिन, नाब्लुस, तुलकरेम, कल्किल्या, रामल्ला आणि बेथलेहेम डिसेंबरपर्यंत दिली गेली. हेब्रॉनमध्ये वसाहत शहराच्या आत होती, म्हणून त्याला मार्च १९९६ ची वेगळी मुदत दिली. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अविवमध्ये एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांचा खून केला. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये आत्मघाती हल्ल्यांत पन्नासहून अधिक लोक गेले आणि राबिन यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या शिमॉन पेरेस यांनी हेब्रॉनची तारीख पुढे ढकलली. मे महिन्यात ते नेतान्याहूंकडून एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले.

नेतान्याहूंची अडचण दुहेरी होती. त्यांनी निवडणुकीत ऑस्लोवर टीका केली होती, पण इस्रायलने सही केलेले करार पाळू असेही म्हटले होते. अराफतना भेटायलाच त्यांनी सप्टेंबरपर्यंत वेळ लावला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला जेरुसलेममध्ये पश्चिम भिंतीलगतच्या बोगद्याचे दुसरे तोंड मुस्लिम वस्तीत उघडण्यात आले आणि तीन दिवस वेस्ट बँक आणि गाझा पेटले. पॅलेस्टिनी पोलीस आणि इस्रायली सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पन्नासहून अधिक पॅलेस्टिनी आणि पंधराच्या आसपास इस्रायली सैनिक मेले. बिल क्लिंटन यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघांना वॉशिंग्टनला बोलावले, जॉर्डनचे राजे हुसेन यांनाही सोबत घेतले, आणि तिथून हेब्रॉनची बोलणी सलग सुरू झाली.

इस्रायलच्या बाजूने बसले माजी सरसेनापती डॅन शोमरॉन. १९७६ च्या, युगांडात ओलीस सोडवण्याच्या एंटेबी कारवाईत जमिनीवरच्या फौजेचे नेतृत्व त्यांनी केले होते, त्यामुळे हा माणूस सुरक्षेत कच्चा आहे असे म्हणायची सोय घरच्या विरोधकांना नव्हती. राजकीय सूत्रे नेतान्याहूंचे विश्वासू वकील इत्झाक मोल्खो यांच्याकडे होती. पॅलेस्टिनी बाजूने साएब एरेकात. मध्ये अमेरिकेचे दूत डेनिस रॉस, जे जवळजवळ साडेतीन महिने या ना त्या वाटेने या दोघांच्या मधे राहिले.

वरवर पाहता वाद बंदुकांचा होता. पॅलेस्टिनी पोलिसांकडे रायफली किती, त्या कुठे ठेवायच्या, वसाहतीवर नजर टाकणाऱ्या अबू स्नैना टेकडीवर कुणी कोणते हत्यार घेऊन उभे राहायचे, संशयिताचा पाठलाग करत इस्रायली सैनिक पॅलेस्टिनी भागात शिरू शकतात का. पाठलागाच्या हक्कावर बराच काळ अडले. पॅलेस्टिनींचे म्हणणे असे की आधीच्या करारात जे नाही ते आता घालायचे नाही. अखेर तो हक्क मजकुरात लिहिला गेला नाही.

खरा वाद मात्र वेगळा होता. अराफतना भीती होती की हेब्रॉन हे शेवटचे ठरेल. दुसऱ्या ऑस्लो करारात ग्रामीण वेस्ट बँकमधून इस्रायली फौजेची तीन टप्प्यांत आणखी फेरतैनाती, म्हणजे माघार, व्हायची होती, सप्टेंबर १९९७ पर्यंत. नेतान्याहूंना ती १९९९ पर्यंत लांबवायची होती. अराफतनी हेब्रॉन हातात येत असतानाही सही रोखून धरली, कारण त्यांना पुढच्या टप्प्यांची तारीख लिहून हवी होती. त्यांच्यावर तेव्हा आडमुठेपणाचा आरोप झाला. पुढे जे घडले ते पाहता त्यांची भीती रास्त होती, हे मान्य केलेच पाहिजे.

१ जानेवारी १९९७ ला सुटीवरच्या एका इस्रायली सैनिकाने हेब्रॉनच्या बाजारात गोळीबार करून काही पॅलेस्टिनींना जखमी केले. करार उधळायचा, हाच त्याचा हेतू होता. इथे दोन्ही बाजूंनी जो संयम दाखवला, त्याची नोंद घ्यावी अशी आहे: बोलणी तुटली नाहीत. तारखेचे घोंगडे मात्र भिजत राहिले. अखेर १२ जानेवारीला राजे हुसेन स्वतः गाझाला अराफतकडे आणि तिथून तेल अविवला नेतान्याहूंकडे गेले. दोन तारखांच्या मधली तारीख त्यांनी पुढे केली: १९९८ च्या मध्यापर्यंत. ती दोघांनीही उचलली. १५ जानेवारीला पहाटे गाझाच्या सीमेवरच्या एरेझ नाक्यावर शोमरॉन आणि एरेकात यांनी कागदांवर आद्याक्षरे केली.

इस्रायली मंत्रिमंडळात ११ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर झाला. मंत्री बेनी बेगिन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. १६ जानेवारीला संसदेत ८७ विरुद्ध १७ मते पडली, म्हणजे विरोधी बाकांवरचा मजूर पक्षही पंतप्रधानांच्या मागे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी फौजा हलल्या. १९ तारखेला अराफत हेब्रॉनमध्ये आले आणि हजारोंच्या गर्दीपुढे बोलले.

मजकुरात काय होते आणि काय नव्हते

शहराचे दोन भाग झाले. एच-१, साधारण ८० टक्के, पॅलेस्टिनी प्रशासनाकडे. एच-२, साधारण २० टक्के, सुरक्षेच्या बाबतीत इस्रायलकडे. जुने शहर, मशीद, शुहदा रस्ता, सगळ्या ज्यू वस्त्या आणि तीस हजारांच्या आसपास पॅलेस्टिनी रहिवासी एच-२ मध्ये राहिले. त्यांचे नागरी व्यवहार, म्हणजे पाणी, शाळा, नगरपालिका, पॅलेस्टिनींकडे. रस्ता आणि बंदूक इस्रायलकडे.

करार वाचताना त्यातला काटेकोरपणा डोळ्यांत भरतो. पॅलेस्टिनी पोलीस ४०० पर्यंत, वाहने २०, पिस्तुले २००, ठाण्यांच्या रक्षणासाठी रायफली १००. प्रत्येकी १६ जणांची चार तातडीची पथके. ठरवून दिलेल्या जागांपासून ५० मीटरच्या आत दोन मजल्यांपेक्षा उंच बांधायचे तर आधी समन्वय, ५० ते १०० मीटरमध्ये तीन मजल्यांपेक्षा उंच बांधायचे तर तसेच. इमारतीची उंची मीटरमध्ये लिहिलेली.

पॅलेस्टिनी रहिवाशांच्या रोजच्या जगण्याबद्दलही दोन ठोस कलमे होती. घाऊक भाजी-बाजार किरकोळ बाजार म्हणून उघडायचा. शुहदा रस्त्यावरची वाहतूक चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने फेब्रुवारी १९९४ पूर्वीच्या स्थितीला आणायची. रस्त्याची दुरुस्ती अमेरिकेच्या पैशाने झालीही.

याला जोडून रॉस यांनी लिहिलेले 'नोंदीसाठीचे टिपण' होते: कुणी काय करायचे याची यादी. इस्रायलने मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतैनातीचा पहिला टप्पा पार पाडायचा, कैदी सोडायचे, दोन महिन्यांत अंतिम तोडग्याची बोलणी सुरू करायची, गाझाचा विमानतळ आणि बंदर यांवर बोलायचे. पॅलेस्टिनींनी आपल्या राष्ट्रीय सनदेतील इस्रायलविरोधी कलमांचे बदल पुरे करायचे, दहशतवादाशी लढायचे, पोलिसांची संख्या मर्यादेत ठेवायची. शिवाय अमेरिकेचे मावळते परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांची आश्वासनपत्रे.

आता उणीव पाहा. रायफलींची संख्या लिहिली, पण पुढच्या तीन टप्प्यांत किती जमीन सोडायची ते कुठेच लिहिले नाही. तारीख होती, क्षेत्रफळ नव्हते. किती सोडायचे हे आपणच ठरवायचे, त्यावर वाटाघाट नाही, अशी भूमिका इस्रायल सरकारने घेतली आणि अमेरिकेची पत्रे तिला दुजोरा देतात असे सांगितले. एका बाजूने दिलेला शब्द मोडला तर निवाडा कुणी करायचा, याची कुठलीही यंत्रणा नव्हती. शुहदा रस्ता चार महिन्यांत उघडला नाही तर काय, याला उत्तर नव्हते. आणि जी वस्ती टिकवण्यासाठी हे सगळे मीटर आणि मजले मोजले, ती वस्ती वाढू नये यासाठी एक ओळही नव्हती.

अमेरिकी मध्यस्थांनी यात कुचराई केली असे मला वाटत नाही. त्यांनी अक्षरशः रात्रंदिवस काम केले. पण त्यांनी मापता येईल तेवढ्याचा सौदा केला आणि ज्याला माप लावायला नेते तयार नव्हते ते भल्या इच्छेवर सोडले. इथे इच्छाही समान नव्हती आणि ताकदही.

आठ आठवडे

करार मोडायला फार वेळ लागला नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इस्रायलने पहिल्या टप्प्याचा प्रस्ताव मांडला: वेस्ट बँकचे ९ टक्के पूर्ण पॅलेस्टिनी ताब्यात. त्यातले ७ टक्के आधीच नागरी बाबतीत पॅलेस्टिनींकडे होते. पूर्ण इस्रायली ताब्यातून येणार होते फक्त २ टक्के. अराफतनी नाकारले. करारात आकडा नव्हता, त्यामुळे दोघेही आपापल्या परीने कराराला धरूनच वागत होते.

त्याच सुमारास जेरुसलेमच्या दक्षिण टोकाला, पॅलेस्टिनी ज्याला जबल अबू घुनैम म्हणतात त्या टेकडीवर हर होमा ही वसाहत बांधायचा निर्णय झाला. १८ मार्चला यंत्रे चढली. सुरक्षा परिषदेत या बांधकामाविरुद्ध मांडलेले दोन ठराव मार्चमध्येच अमेरिकेने नकाराधिकार वापरून अडवले. करारामागे उभे राहण्याचे वचन लिहून देणारा देश हाच होता. २१ मार्चला तेल अविवच्या एका कॅफेत आत्मघाती हल्ल्यात तीन स्त्रिया मेल्या. बोलणी गोठली.

राजे हुसेन यांची बाजू इथे विसरता येत नाही. ९ मार्चला त्यांनी नेतान्याहूंना अत्यंत व्यथित होऊन पत्र लिहिले. चारच दिवसांनी जॉर्डनच्या एका सैनिकाने सीमेवरच्या बाकुरा इथे सहलीला आलेल्या सात इस्रायली शाळकरी मुलींना ठार केले. राजे स्वतः इस्रायलला गेले, मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर गुडघे टेकून बसले. या सगळ्या कहाणीत दोन्ही समाजांना एकदम भिडलेले असे कृत्य दुसरे नाही. तरी त्यांच्या हातात नैतिक वजनापलीकडे काही नव्हते. ज्या तारखेसाठी ते गाझाला आणि तेल अविवला गेले होते, ती १९९८ च्या मध्याची तारीख कोरडीच उलटली. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या वाय रिव्हर इथे पुन्हा नऊ दिवस बसून १३ टक्क्यांचा आकडा ठरवावा लागला. त्याचीही अंमलबजावणी अर्ध्यात थांबली आणि नेतान्याहूंचे सरकार पडले. हेब्रॉनच्या वेळी मजूर पक्षाची मते मिळाली होती. सरकार टिकवायला मात्र ती मते नव्हती, आणि ज्यांची होती ते उजवे सहकारी दर सहीगणिक दूर जात होते.

शहराचे काय झाले

सप्टेंबर २००० च्या अखेरीस दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटला आणि कराराचा उरलासुरला भागही गेला. मार्च २००१ मध्ये अबू स्नैना टेकडीवरून झाडलेल्या गोळीने वसाहतीतली दहा महिन्यांची मुलगी मेली. ज्या टेकडीवरच्या हत्यारांसाठी आठवडेच्या आठवडे घासाघीस झाली होती, तीच ही टेकडी. मार्च २००२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय निरीक्षक, एक तुर्कस्तानचा आणि एक स्वित्झर्लंडची, पॅलेस्टिनी बंदुकधाऱ्याने मारले. नोव्हेंबर २००२ मध्ये किर्यात अर्बाच्या रस्त्यावर दबा धरून केलेल्या हल्ल्यात १२ इस्रायली सैनिक आणि सुरक्षारक्षक मेले. इस्रायली रहिवाशांचे भय काल्पनिक नव्हते, हे नीट समजून घेतल्याशिवाय कुणी या शहराबद्दल न्यायाने बोलू शकणार नाही.

पण त्या भयाची किंमत कुणी भरली? इस्रायलमधल्याच मानवी हक्क संघटनांनी २००७ च्या एका अहवालासाठी एच-२ च्या मध्यवस्तीत घरोघर जाऊन पाहणी केली. १,०१४ पॅलेस्टिनी घरे रिकामी होती, म्हणजे त्या भागातल्या घरांपैकी जवळपास ४२ टक्के. १,८२९ दुकाने-व्यवसाय बंद, म्हणजे तीन-चतुर्थांशांहून अधिक. त्यातली ४४० थेट लष्करी हुकुमाने. घाऊक बाजार बंद. शुहदा रस्त्यावर दुकानांची दारे वितळजोडणी करून बंद केलेली, आणि रस्त्याच्या मोठ्या भागावर पॅलेस्टिनींना गाडी तर सोडाच, पायीही चालता येत नाही. १९९४ मध्ये अवघड प्रश्न शेवटी ठेवण्याची किंमत मी म्हणालो, ती ही.

निरीक्षकांचे काय? नॉर्वेच्या नेतृत्वाखाली डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड, इटली आणि तुर्कस्तान यांची माणसे १९९७ पासून शहरात होती. बावीस वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक घटना नोंदवल्या. त्यांचे अहवाल गोपनीय होते; ते दोन बाजू आणि ही सहा राष्ट्रे यांच्यापलीकडे जाऊ नयेत असेच ठरले होते. त्यांना कुणालाही अडवण्याचा, रस्ता उघडण्याचा, शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये नेतान्याहूंनी त्यांची मुदत वाढवायला नकार दिला आणि ते निघून गेले. १९९७ मध्ये त्यांना मान्यता देणारे पंतप्रधान हेच होते.

या प्रकरणातून पुढे काय घ्यावे

हेब्रॉनचा करार फसला कारण दोन्ही समाज एकमेकांचा द्वेष करतात, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण द्वेष जानेवारी १९९७ मध्येही होताच. बाजारात गोळीबार होऊनही करार झाला. तो कसा झाला हे पाहिले, तर तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. सप्टेंबरच्या रक्तपाताने दोन्ही नेते घाबरले होते. अमेरिकेचा दूत आठवडेच्या आठवडे तिथेच राहिला. आणि दोघांचाही विश्वास असलेला एक शेजारी राजा ऐन वेळी आपली पत पणाला लावायला तयार झाला. त्यातला कुठलाही घटक अद्भुत नाही. तो पुन्हा जुळवता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गाझासाठी वीस कलमी योजना मांडली गेली, आणि अमेरिकेबरोबर कतार, इजिप्त आणि तुर्कस्तान यांनी जोर लावल्यावर १० ऑक्टोबरला युद्धबंदी लागू झाली, तेव्हा साधारण हेच तिन्ही घटक होते. फक्त त्याआधी सोसलेली हानी कितीतरी पट भयंकर होती: ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० इस्रायली बाजूचे मृत्यू आणि २५१ ओलीस, त्यानंतरच्या दोन वर्षांत, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार, ६७ हजारांहून अधिक पॅलेस्टिनींचा मृत्यू.

म्हणून 'ते टेबलावर येतील का' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. येतात. सहीच्या दुसऱ्या दिवशी शहरात कोण उरतो आणि त्याच्या हातात काय असते, यावर सगळे अवलंबून आहे.

या कसोटीवर आजची मांडणी तपासली की जुनी दुखणी दिसतात. १७ नोव्हेंबर २०२५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २८०३ ने गाझात आंतरराष्ट्रीय स्थैर्य दलाला परवानगी दिली. निःशस्त्र निरीक्षकांपेक्षा हे नक्कीच पुढचे पाऊल आहे. पण इस्रायली फौजेची पुढची माघार निःशस्त्रीकरणाशी जोडलेल्या निकषांवर आणि टप्प्यांवर ठेवली आहे, आणि ते निकष नंतर ठरायचे आहेत. पॅलेस्टिनी राज्याकडे जाणाऱ्या वाटेसाठी योग्य परिस्थिती 'तयार होऊ शकेल' इतपतच म्हटले आहे. १९९७ मध्ये निदान तारीख होती आणि क्षेत्रफळ नव्हते. इथे दोन्ही नाही.

वेस्ट बँकचा तर त्या योजनेत जवळजवळ उल्लेखच नाही, आणि हेब्रॉन वेस्ट बँकमध्ये आहे. १९९७ मध्ये पूर्व जेरुसलेम वगळून वेस्ट बँकमध्ये दीड लाखाच्या आसपास वसाहतवासी होते. आज पाच लाखांहून अधिक आहेत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली, तिचे मी मनापासून स्वागत करतो, पण मान्यतेने एकही रस्ता उघडत नाही. वसाहत हलवणे अशक्य आहे हेही खरे नाही: २००५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एरियल शॅरॉन यांनी गाझातून सुमारे आठ हजार वसाहतवाद्यांना काही दिवसांत बाहेर काढले. ते एकतर्फी केले, पॅलेस्टिनी प्राधिकरणाशी करार न करता, आणि त्याचा राजकीय फायदा हमासला झाला. राज्ययंत्रणेने मनावर घेतले तर काम होते. ते वाटाघाटीच्या चौकटीत झाले तर त्याचे श्रेय बोलणाऱ्यांना मिळते, एवढा धडा त्यात आहे.

मला स्वतःला आजही या मुत्सद्देगिरीबद्दल आशा सोडवत नाही, आणि ती भाबडी आहे असे वाटत नाही. १९९४ मध्ये तेल रुमैदावरची मूठभर कुटुंबे, १९९७ मध्ये तीन टप्प्यांचा एक आकडा, दोन्ही वेळी लागणारी गोष्ट लहान होती आणि दोन्ही वेळी ती मागितली गेली होती. ती अडली ती मध्यस्थाच्या हिशेबात: नेत्याला घरी फार त्रास होऊ नये म्हणून. मध्यस्थाने तो त्रास होऊ द्यायला तयार असणे, आणि आपल्याच आश्वासनपत्राविरुद्ध नकाराधिकार न वापरणे, हे दोन बदल वॉशिंग्टनमध्ये करता येण्यासारखे आहेत. त्यांच्यासाठी हेब्रॉनमधल्या कुणाचेही मन आधी पालटावे लागत नाही. अरब राष्ट्रे पैसा आणि सैन्य देणार असतील, तर राजे हुसेन यांच्याकडे नव्हती अशी ताकद त्यांच्याकडे आहे: माघारीचा नकाशा मिळेपर्यंत ते दोन्ही रोखून धरू शकतात.

स्थैर्य दलाची सध्याची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. त्याआधी माघारीच्या पुढच्या रेषेचा नकाशा तारखेसह जाहीर झाला, निकष पुरे झाले की नाही हे ठरवणारा तिसरा पक्ष नेमला गेला आणि त्याचे अहवाल सर्वांना वाचता आले, तर यावेळी हेब्रॉनपेक्षा वेगळे काही घडते आहे असे मी म्हणेन.